सल्ला आणि सक्ती

‘सल्ला’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो, की तो मूळचा अरबी आहे याची आठवणही कुणाला राहिलेली नाही. अर्ज, हजर, वकील, दफ्तर यांच्याबरोबर तो फारसीच्या वाटेनं इकडे आला आणि इथलाच होऊन गेला. ‘सलाह’ म्हणजे भलं, हित. सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या हिताचं बोलणं. तो मागितल्यावर द्यायचा असतो आणि ऐकणाऱ्याला तो न मानण्याची मुभा असते. ती मुभा गेली की त्याला हुकूम म्हणतात.

आज मला बोलायचं आहे ते कुटुंबनियोजनाच्या इतिहासाविषयी. हा इतिहास बहुधा साधनांच्या अंगानं सांगितला जातो. रबर आलं, लूप आला, तांबी आली, गोळी आली, बिनटाक्याचं ऑपरेशन आलं. ते सगळं खरंच आहे. पण साधन हातात देण्याआधी समोरच्या माणसाशी कोण बोललं, काय बोललं, आणि त्याचं किंवा तिचं कुणी ऐकून घेतलं का, हाही इतिहासच आहे. गेल्या शंभर वर्षांत या एका कामासाठी आपण चार शब्द वापरले. संततिनियमन, कुटुंबनियोजन, नसबंदी आणि कुटुंबकल्याण. या चार शब्दांच्या मागे सल्ल्याचे चार वेगवेगळे काळ उभे आहेत.

सुरुवात जरा लांबून करतो, कारण मी ज्या समाजात वाढलो तिथे या विषयावर बोलताना पहिला प्रश्न धर्माचाच येतो. मूल होऊ नये म्हणून पुरुषानं संयोगाच्या अखेरीस बाजूला होणं, याला अरबीत ‘अज़्ल’ म्हणतात. हदीसमध्ये असं येतं, की पैगंबरांच्या हयातीत त्यांचे सोबती अज़्ल करत असत, ते पैगंबरांच्या कानी गेलं आणि त्यांनी मनाई केली नाही. याच्या उलट सूर असलेलं कथनही हदीसमध्ये आहे आणि त्यावरून धर्मशास्त्रींमध्ये मतभेद झाले. पण बहुसंख्य शास्त्रींनी अज़्लला परवानगी दिली आणि त्यांच्यातल्या पुष्कळांनी एक अट घातली. पत्नीची संमती हवी. का? तर संततीवर तिचाही हक्क आहे आणि सुखावरही.

इमाम ग़ज़ाली ११११ साली वारले. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात विवाहावर एक सबंध प्रकरण आहे. बाळंतपणाच्या धोक्यापासून पत्नीला वाचवणं, तिचं आरोग्य आणि रूप टिकावं असं वाटणं, मुलं फार झाली तर पोट भरण्यासाठी वाकड्या वाटेला जावं लागेल अशी भीती वाटणं, ही अज़्लची कारणं ते समजून घेतात. मात्र मुलगी जन्माला येईल या भीतीनं कुणी असं करत असेल, तर तो हेतू ते चुकीचा ठरवतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राला १९८८ साली करावा लागला, हे आठवलं की ग़ज़ालींचं हे म्हणणं आजही ताजं वाटतं. त्यांच्याही आधी, १०३७ साली वारलेल्या इब्न सीना या हकिमानं आपल्या वैद्यकग्रंथात लिहून ठेवलं होतं, की लहान वयाच्या मुलीला बाळंतपणात जिवाचा धोका असेल तर गर्भ राहू न देण्याचे उपाय वैद्याला माहीत असले पाहिजेत. तेव्हा हा विषय परक्यांनी आणला आणि आपल्यात तो कधी नव्हताच, असं म्हणणाऱ्यांनी आपलीच जुनी पुस्तकं उघडून पाहावीत. आपल्याच आळीतल्या माणसांना मी हे वारंवार सांगत आलो आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी घराघरात असं घडत होतं आणि त्याला दैव म्हणण्याची रीत होती. रघुनाथरावांनी पुढे आयुष्यभर जे काम केलं, त्याचा या मृत्यूशी किती संबंध होता हे मी सांगू शकणार नाही. पण बाळंतपण बाईच्या जिवावर बेततं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं, एवढं खरं.

ते गणिताचे प्राध्यापक. पॅरिसला राहून गणित शिकून आले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. त्याआधी पाच वर्षं, १९१६ साली, अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी असा दवाखाना उघडला, तर काही दिवसांतच पोलिसांनी तो बंद केला आणि बाईंना तीस दिवसांचा तुरुंगवास झाला. म्हणजे या कामात मुंबई जगाच्या मागे नव्हती, बरोबरीनं चालत होती.

कर्व्यांच्या हाती साधनं तरी कोणती होती? पुरुषांसाठी रबरी टोपी, बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची टोपी, औषधात भिजवलेला स्पंज, योनीत ठेवायच्या गोळ्या. गर्भनिरोधक गोळी पोटात घेण्याचे दिवस अजून चाळीस वर्षं दूर होते. बाईनं वापरायची टोपी मापानं निवडावी लागते, ती कशी बसवायची हे शिकवावं लागतं, किती वेळ ठेवायची, कशी धुवायची हे समजावून सांगावं लागतं. साधनं अशी असल्यामुळे सल्ला टाळता येतच नव्हता. पुडी बांधून दिली आणि काम संपलं, असं नव्हतं.

प्राध्यापकानं जाहीरपणे असले विषय बोलावेत हे कॉलेजच्या चालकांना रुचलं नाही. १९२५ साली कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मूल होऊ द्यायचं नाही असा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला होता. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं आणि १९५३ साली कर्वे वारले तोवर ते चालू राहिलं. म्हणजे सव्वीस वर्षं. जाहिराती तुटपुंज्या, वर्गणीदार मोजके, टीका मात्र भरपूर. मुखपृष्ठावरच्या विवस्त्र स्त्रीच्या चित्रावरून गदारोळ होई. तरीही एका माणसानं हे मासिक जवळजवळ एकहाती चालवलं.

‘समाजस्वास्थ्य’चं माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे वाचकांची पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं. जे कुठे विचारता येत नव्हतं ते लोक या मासिकाला विचारत. हस्तमैथुनानं शक्ती जाते का? पत्नीची इच्छा नसेल तर? मूल नको असेल तर काय करावं? कर्वे थोडक्यात, कोरडेपणानं, गणिताचं उत्तर द्यावं तसं उत्तर देत. उपदेश करत नसत. विचारणाऱ्याला लाज वाटू देत नसत. समुपदेशन हा जड शब्द तेव्हा प्रचारात नव्हता, पण मराठी वाचकाला पोस्टकार्डावर मिळणारं समुपदेशन हेच होतं.

आणि खटला झाला तो नेमका यावरच. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला आणि या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा युक्तिवाद साधा होता. लोक प्रश्न विचारतात ते जाणून घेण्यासाठी. लैंगिक शिक्षण हाच मासिकाचा विषय आहे. वाचकानं विचारलं आणि संपादकानं उत्तर द्यायचं नाही, तर मग मासिक बंदच करायला हवं. न्यायालयाला ते पटलं नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. रामजी आणि भीमाबाई यांचं ते चौदावं अपत्य. पाळणा सतत हलता राहिला की घराचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आला. पी. जे. रोहम यांनी तो मांडला. पुरुषांना प्रसूतीच्या कळा सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलांना कुणी पुरुष तयार झाला नसता, अशा आशयाचं एक वाक्य त्या भाषणात होतं. ठराव फेटाळला गेला. बाजूनं अकरा, विरुद्ध बावन्न.

विरोध करणारे सगळेच कर्मठ होते असं समजण्याचं कारण नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. बायकांच्या हालअपेष्टांविषयी गांधीजींना कळवळा होता, पण उपाय म्हणून त्यांना संयमच मान्य होता, साधनं नव्हेत. कर्व्यांना हे अजिबात पटत नव्हतं आणि ते तसं उघड लिहीत. संयमाचा निर्णय घरात कोण घेतो? तो पुरुषाच्या हाती असतो. साधन बाईच्या हाती देता येतं. या वादाचं मर्म मला इथे दिसतं. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य होती. बाईवर जबरदस्ती नको.

रघुनाथरावांच्या कामाला पुढे बळ मिळालं ते शकुंतला परांजपे यांचं. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला गणित शिकलेली, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम केलेली. १९३८ पासून त्यांनी पुण्यात संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. कर्व्यांकडे जाणं पुष्कळ बायकांना अवघड वाटे. समोर पुरुष, विषय असा. आता सांगणारी बाईच होती. बोलणं रोखठोक, मराठी घरातलं. पुढे त्या विधान परिषदेत गेल्या, १९६४ ते १९७० राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य राहिल्या, १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण त्यांचं खरं काम एकेका बाईशी बोलण्याचं होतं. ज्या बाईनं तोवर आपल्या शरीराविषयी नवऱ्यालाही काही विचारलं नव्हतं, तिला त्या विचारायला लावत. रघुनाथरावांवर अमोल पालेकरांनी २००१ साली ‘ध्यासपर्व’ चित्रपट काढला, २०१७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आलं. शकुंतलाबाईंची आठवण मात्र त्या मानानं कमीच निघते.

स्वातंत्र्यानंतर शब्द बदलला. संततिनियमन जाऊन कुटुंबनियोजन आलं. १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया या तिच्या आधारस्तंभ. नोव्हेंबर १९५२ मध्ये याच संघटनेच्या यजमानपदाखाली मुंबईत जागतिक परिषद भरली, सँगरबाई आल्या आणि तिथेच आंतरराष्ट्रीय संघटनेचा जन्म झाला. त्याच वर्षी भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असं करणारा आपला देश जगातला पहिला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. ऑक्टोबर १९५३ मध्ये रघुनाथराव वारले. ज्या कामापायी त्यांना दोनदा दंड भरावा लागला, ते काम त्यांच्या हयातीतच सरकारी झालेलं होतं.

सरकारी झालं म्हणजे सल्ल्याचं काय झालं? आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. त्यांचा कल सुरक्षित दिवस पाळण्याच्या पद्धतीकडे होता. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन आले आणि बायकांना मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा, हिरवा मणी असेल तर दिवस सुरक्षित, लाल असेल तर जपायचं. कल्पना सुंदर होती. पण पाळी नेहमीच ठरल्या दिवशी येत नाही, एकत्र कुटुंबात मणी सरकवायला निवांतपणा नसतो, आणि मुख्य म्हणजे लाल मणी आला हे नवऱ्याला कसं सांगायचं? काही बायकांनी तर तो ताईत आहे असं समजून माळ गळ्यात घातली, असं सांगितलं जातं. यात हसण्यासारखं काही नाही. तिला कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

१९६५ साली लूप आला. एकदा बसवला की विसरून जा, असं सांगितलं गेलं आणि लाखो बायकांनी तो बसवून घेतला. दोनतीन वर्षांतच लाट ओसरली. लूपनं सुरुवातीला रक्तस्राव वाढतो, पोटात दुखतं. बहुतेकींचा हा त्रास काही महिन्यांत कमी होतो, काहींना मात्र तो काढावा लागतो. ही दोन वाक्यं आधी सांगितली असती आणि नंतर तपासायला कुणी आलं असतं, तर बाई घाबरली नसती. तसं झालं नाही. लूप अंगात फिरतो, काळजापर्यंत जातो अशा अफवा उठल्या. अफवा उठते कुठे? जिथे माहितीची जागा रिकामी राहते तिथे.

१९६८ साली ‘निरोध’ आला. पंधरा पैशांत तीन. चहा, साबण, बॅटऱ्या विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो खेड्यापाड्यांतल्या किराणा दुकानांत पोचला. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागला. ‘दोन किंवा तीन मुलं पुरेत’ हे वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ झालं. मुंबईत रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं उघडली. या सगळ्यात काही वाईट नव्हतं. पण कामाचं माप बदलत होतं. किती जणांशी बोललो, याऐवजी किती जणांना पकडून आणलं, असं विचारलं जाऊ लागलं. हिशेबाच्या वहीत माणसाला ‘केस’ म्हणू लागले. ‘केस मिळाली का?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांवरच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना कोटे ठरवून दिले होते. हरियाणातलं उटावर हे मेव मुसलमानांचं गाव पोलिसांनी वेढलं आणि पुरुषांना उचलून नेलं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं ते पहिलं राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. ज्या मुंबई इलाख्यात १९३८ साली संततिनियमनाचा साधा ठराव अकरा विरुद्ध बावन्न असा पडला होता, तिथे अडतीस वर्षांनी सक्तीला बहुमत मिळालं. दोन्ही वेळा बाईला आणि पुरुषाला तुमचं काय म्हणणं आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ‘गाडी आली’ एवढे दोन शब्द कुणी उच्चारले की पुरुष ज्वारीच्या रानात पळत. हिंदूही पळत आणि मुसलमानही. अब्बा शिंपीकाम करायचे. काही रात्री ते आणि शेजारचे अण्णा एकाच मळ्यात जाऊन झोपल्याचं मला आठवतं. आमच्या शाळेतले एक गुरुजी यादी घेऊन दारोदार फिरत. त्यांना कोटा पुरा करायचा होता, नाहीतर पगार अडला असता. ज्यांच्या मुलांना ते पाढे शिकवत, त्यांच्याच बापांच्या दारात उभं राहून ते मान खाली घालत. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या मोहल्ल्यात बायका सुई टोचायला आलेल्या नर्सला पाहून पोरांना लपवत. नसबंदीचा आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा काय संबंध? काही नाही. पण दवाखान्यावरचा विश्वास एकदा उडाला की तो एका विषयापुरता उडत नाही.

१९७७ नंतर खात्याचं नाव बदलून कुटुंबकल्याण झालं. पुरुष या कार्यक्रमातून निसटले ते आजतागायत परत आले नाहीत. सगळा भार बायकांवर आला. १९७७-७८ साली शस्त्रक्रियांची एकूण संख्याच दहा लाखांच्या खाली आली आणि तेव्हापासून ऑपरेशन म्हणजे बाईचं, असं समीकरण होऊन बसलं.

तरी त्याच काळात मी चांगला सल्लाही पाहिला. १९८० च्या दशकात आमच्याकडे एक सिस्टरबाई येऊ लागल्या. त्या आल्या की ओट्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या, पोरांच्या खोकल्याची चौकशी करायच्या. पहिल्या तीनचार भेटींत त्यांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. एके दिवशी अम्मीनंच विचारलं, ‘‘बाई, ये गुनाह तो नै ना?’’ सिस्टरबाई म्हणाल्या, ‘‘भाभी, गुनाह आहे की नाही ते मौलानांना विचारा. मी तुम्हाला अंगाचं सांगते.’’ अब्बांनी मौलानांना विचारलं. मौलानांनी अज़्लचा दाखला दिला आणि कायमची शस्त्रक्रिया त्यांना पसंत नसली तरी पाळणा लांबवायला हरकत नाही असं सांगितलं. माझ्या धाकट्या खालानं तांबी बसवून घेतली. पहिले दोनतीन महिने अंगावरून जास्त जाईल, घाबरू नकोस, फार वाटलं तर माझ्याकडे ये, असं सिस्टरबाईंनी आधीच बजावलेलं होतं. तसंच झालं आणि खाला घाबरली नाही. साधन लुपाच्याच जातीचं. फरक पडला तो दोन वाक्यांनी.

याच खालाची जाऊ मात्र पुढे दुसरीकडे एका शिबिरात गेली. न वाचलेल्या कागदावर अंगठा, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर रांगेनं निजलेल्या बायका आणि संध्याकाळी घरी रवानगी. दुसरी काही पद्धत असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण ती ज्या आवाजात ते सांगते, तो आवाज सल्ला मिळालेल्या बाईचा नाही.

अशा शिबिरांचा शेवट काय होऊ शकतो, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ दिसलं. एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि तेरा बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला आणि बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून मगच संमती घ्यावी, यावर भर दिला. ग़ज़ालींच्या काळातली पत्नीच्या संमतीची अट आणि ही अट, दोन्हींचं मूळ एकच आहे.

आता एका गैरसमजाबद्दल. मुसलमान कुटुंबनियोजन करत नाहीत, हे वाक्य मी बसमध्ये, लग्नात, साहित्य संमेलनाच्या मांडवातही ऐकलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. १९९२-९३ साली एका मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुलं होत. २०१९-२१ मध्ये हा आकडा २.४ वर आला. हिंदू स्त्रियांच्या बाबतीत तो ३.३ वरून १.९ वर आला. म्हणजे घट दोन्हीकडे आहे आणि मुसलमानांत ती अधिक वेगानं झालेली आहे. हे सक्तीनं घडलेलं नाही. सक्तीनं माणसं ज्वारीच्या रानात पळतात, ते आपण पाहिलं. मुली शाळेत गेल्या, जगणारी मुलं वाढली, सिस्टरबाईंसारखी माणसं ओट्यावर बसली, तेव्हा हे घडलं. आज त्या ओट्यावर आशाताई बसते.

त्याच पाहणीतले आणखी दोन आकडे सांगतो. २०१९-२१ मध्ये देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली होती. नवऱ्यानं नसबंदी केलेली असण्याचं प्रमाण ०.३ टक्के. आणि संततिनियमन हे बाईचं काम आहे असं म्हणणारे पुरुष होते सुमारे ३५ टक्के, म्हणजे तिघांत एक. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद जात नाही, सुख कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि तपासणी करून घ्यावी लागते. ज्यांना कायमचा उपाय नको, त्यांच्यासाठी निरोध आहे, तांबी आहे, रोजच्या गोळ्या आहेत, लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली आठवड्याची ‘छाया’ गोळी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. रघुनाथरावांच्या कपाटात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

त्यांच्याकडे होतं ते एवढंच, की आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं. सरकारी दवाखान्यात हे सगळे उपाय फुकट मिळतात. तिथे जाताना या वेळी नवऱ्यानं बायकोबरोबर आत जावं, बाहेर टपरीवर थांबू नये. सिस्टरनं एकच पद्धत सांगितली तर दुसऱ्या कोणत्या आहेत ते विचारावं. त्रास काय होईल, झाल्यास कुठे यायचं, नको वाटलं तर बंद कसं करायचं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कागदावर सही करू नये. उत्तर देणाऱ्याला आता दोनशे रुपये दंड होत नाही. विचारणाऱ्यानं तरी का लाजावं?